मधल्या खोलीतला डबा

चऱ्होलीतल्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा वायफायचा विचार कुणी केला नव्हता. पुढची आणि मागची खोली आम्हाला आली, मधली थोरल्या दिरांना. पुढे पाण्याच्या टाकीच्या कॉकवरून भांडण झालं आणि सख्खे भाऊ बोलेनासे झाले. भाऊजी एकटेच राहतात. त्यांनी मुद्दाम मधली खोली घेऊन आमच्या घराचे दोन तुकडे केले, असं माझा नवरा सांगायचा आणि मी ते खरं मानायचे.

लग्नानंतर पाच वर्षांनी मला नोकरी मिळाली, घरून ग्राहकांचे फोन घेण्याची. मला ती हवीच होती. राउटर पुढच्या खोलीत, पण तिथं नव्या सोसायट्यांच्या डंपरचा धडधडाट. म्हणून मी मागे बसायचे आणि ऐन बोलण्यात आवाज तुटायचा. साहेबांनी कळवलं, गुरुवारी व्हिडिओवर तासभर तुमचं काम बघू. लाइन तुटली तर हातात नारळ.

मग सुरू झाले आमचे प्रयोग. मागच्या खोलीत रिपीटर लावला, राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा. त्याच्यावर सगळे दिवे हिरवे, पण पान काही उघडेना. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार! गल्लीच्या भिंतीवरून वायर ओढली, ती एका टेम्पोने सोबत नेली. दिघीच्या दुकानदाराने घरभर वायफाय पसरवणारा तीन डब्यांचा महागडा मेश दाखवला आणि वर म्हणाला, "ताई, हा घ्या नाहीतर साधा रिपीटर, एक डबा मधल्या खोलीत लागणारच."

"त्याच्या दारात जायचं न्हाई," नवऱ्याने बजावलं. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"गाढव कोण ते नंतर ठरवू," म्हणत मी रिपीटर उचलला आणि निघाले. रागाने माझे कान तापले होते, आणि भीतीही वाटत होती.

भाऊजींनी दार उघडलं. भर दुपारी आत ट्यूब चालू होती. मी कसंबसं काम सांगितलं.

"लाव की," ते म्हणाले. "त्यात इचारायचं काय?"

प्लग शोधताना मी खोली नीट पाहिली. दोन्ही बाजूंना आमच्या भिंती, तिसरीकडे शेजाऱ्यांची. एकही खिडकी नव्हती.

गुरुवारी नवरा घरी होता. चाकणच्या त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी म्हणजे लाइटवाल्यांना दुरुस्तीचं काम, म्हणजे लाइट जाणारच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाच आठवलं नाही. साहेब पडद्यावर, ग्राहक लाइनवर, आणि पंखा थांबला. राउटरला बॅटरी होती, लॅपटॉपलाही होती. मधल्या डब्याला नव्हती. पडद्यावर साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. संपलं सगळं, मला रडू फुटणार होतं.

तेवढ्यात साहेब हलले. "मॅडम, बोला पुढे."

मी बोलले. तास निभावला. "पक्कं समजा," ते म्हणाले तेव्हा लाइट अजून आलेली नव्हती. मग डबा चालला कशावर? मी तशीच मधल्या खोलीकडे धावले. काय झालं ते बघायला नवराही मागून आला.

आत मिट्ट काळोख. भाऊजींच्या छोट्या इन्व्हर्टरवर एकच प्लग चालतो आणि त्यात त्यांचा टेबलफॅन असतो. फॅनची वायर खाली लोंबत होती. प्लगात माझा डबा होता आणि शेजारी घामाने भिजलेले भाऊजी बसले होते.

"झालं का गं तुझं काम?"

"झालं, पक्कं झालं," मी म्हणाले. नवरा उंबऱ्यावर उभा राहून त्या बिनखिडकीच्या भिंती बघत होता. मग तो म्हणाला,

"दादा, पुढच्या खोलीत चल. तिथं वारं हाय."

भाऊजींनी उठायला वेळ लावला, पण उठले.