झटकलेला गोळा

पहिल्या वेळी मी प्रॅक्टिकलला नापास झाले ती उत्तर बरोबर आलं म्हणून. खोटं नाही सांगत.

लग्नात सुटलेली बी.एस्सी. मी दोन लेकरांनंतर पुन्हा धरली होती. प्रयोग होता पितळाची विशिष्ट उष्माधारकता काढायचा. पितळी गोळा उकळत्या पाण्यात तापवायचा, कॅलरीमीटरमधल्या गार पाण्यात सोडायचा, पाणी किती अंश चढलं ते बघून गणित मांडायचं. पण मांडतंय कोण! उत्तर ०.०९ यायला पाहिजे हे सगळ्यांना पाठ. आमच्या कॉलेजची रीतच अशी, की उत्तरापासून उलटं मागं यायचं आणि जे तापमान निघेल ते वहीत लिहायचं. मीही तेच केलं, ३१.३७ अंश लिहिलं. परीक्षक सरांनी थर्मामीटर माझ्या नाकासमोर धरलं. "ताई, यातलं पॉइंट सदतीस कुठंय, दाखवा जरा." त्यावर नुसत्या एकेक अंशाच्या रेघा! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

यंदा एप्रिलात पुन्हा बसले, तर परीक्षक तेच. त्यात घराजवळच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची जागा निघालेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, पदवी आणा, जूनपर्यंत थांबते. नवरा वाळूजला शिफ्टला निघताना म्हणाला, "यावेळी खरं तेच लिही." "अन् चुकलं तर?" "तर चुकलं." ह्याला काय जातंय म्हणायला!

टाकीचं पाणी उन्हानं तापलेलं, म्हणून प्रयोगशाळेतल्या मामांनी माठातलं दिलं. तीस अंश. मी गोळा दोऱ्यानं उचलला, घाईघाईत सोडला, ढवळलं. छत्तीस. गणित मांडलं तर ०.११!

शेजारच्या टेबलावरची पोरगी डोकावली. "मावशी, छत्तीसचं पस्तीस करा. जमून जातंय."

खरंच जमत होतं. मी पेन टेकवलंही होतं. जून डोळ्यांसमोर, पदवी डोळ्यांसमोर, आणि मध्ये नुसता एक अंश. पण मग ते ३१.३७ आठवलं आणि मलाच माझा संताप आला. छत्तीस तसंच ठेवलं.

सर आले. "जास्त आलं की हो."

"व्हय सर."

"का आलं?"

मला काय माहीत का आलं! मी टेबलाकडं बघत राहिले. बर्नरपासून कॅलरीमीटरपर्यंत पाण्याच्या थेंबांची रांग होती, आणि गोळ्याच्या दोऱ्याची जाडजूड गाठ भिजून टम्म.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालंच. "सर, घरी झारा निथळून झटकल्याशिवाय मी भजं ताटात टाकत नाही, अन् इथं हा गोळा तसाच टाकला! त्याच्यासंगं उकळतं पाणीबी गेलं की आत. म्हणून जास्त चढलं."

सर हसले नाहीत. घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं आहेत. पुन्हा करा."

मामांनी न सांगता माठातलं पाणी आणून दिलं. तीसच अंश. या वेळी जाड गाठ कापून टाकली आणि गोळा बारीक दोऱ्याला बांधला. गोळा उचलला, एकदाच झटकला, सोडला. ढवळलं. पारा चढला, चढला आणि थांबला.

"सर, तुम्हीच वाचा," मी म्हणाले. माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

ते वाकले. "पस्तीस."

पोरीनं सांगितलेलंच पस्तीस! मी छत्तीसच्या ओळीवर काट मारायला गेले, तर सरांनी वहीवर हात ठेवला. "ते खोडू नका ताई. दोन्ही राहू द्या." आणि दोन्हींखाली सही केली. मी तिथंच, सगळ्या पोरांसमोर, ओढणीत तोंड खुपसून रडले.

जूनमध्ये शाळेत रुजू झाले. पहिल्याच दिवशी कपाट उघडलं आणि सगळ्या गोळ्यांच्या जाड गाठी कापून बारीक दोरे लावले.