गेटवर उभा केलेला भाऊ

माझा मोठा भाऊ फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन बजाजनगरच्या एका सोसायटीत राहायला आला. लॉकडाऊन लागला तेव्हा सोसायटीच्या चेअरमननं त्याला गेटवर उभं केलं. शिट्टी दिली, काठी दिली, बायकापोरांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. बाहेरच्याला आत घ्यायचं नाही, हा नियम कमिटीचा. शिव्या खायच्या मात्र दादानं.

शेजारच्या म्हातारीला ताप भरला. तिचा मुलगा गावाहून आला, गेटशी रडला. दादानं त्याला आत सोडलं नाही. म्हातारी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मुलगा गेटवर येऊन दादाच्या अंगावर थुंकला. नियम करणारे गॅलरीत उभे राहून बघत होते. एकही खाली उतरला नाही.

पुढं सगळं खुलं झालं, पण दादा गेटवरून हलेना. जेवण तिथंच. झोप गेली. साबणानं धुऊन धुऊन हातांची सालं निघाली. येणाऱ्याजाणाऱ्याला मास्क विचारायचा, पोरं हसायची. मग त्याच चेअरमननं वहिनीला दम दिला, "त्यांना आवरा, नाहीतर पोलिसांत देऊ."

मी लासूर स्टेशनला कांद्याचा व्यापार करते, एकटीनं उभा केलेला. धंदा टाकून आले. छावणीतल्या डॉक्टरकडं चल म्हटलं, तर दादा म्हणाला, "येऊ कसा? मला कुणी मोकळं केलंय का? पहाऱ्यावरचा माणूस असा निघून येत नसतो."

मी चेअरमनचं दार वाजवलं. खाली येऊन दादाला मोकळं करा म्हटलं.

"ताई, मी काय मिलिटरीतला साहेब आहे का?"

"उभं करताना व्हता. आता नाय?"

"वॉचमनला पाठवतो."

"ज्यानं उभं केलं त्यानंच यायचं."

"रविवारी कार्यक्रम ठेवू. शाल, नारळ, फोटो."

"शाल तुमच्याच अंगावर घ्या. आत्ता चला, नाहीतर मी इथंच बसते आन् सगळ्या बिल्डिंगला ऐकवते."

आयुष्यभर मी भाव तोडत आले, पण इतकी किळस कुठल्याच सौद्यात आली नव्हती. तो चपला फटफटवत खाली आला. तोंडात गुटख्याचा तोबरा. बोलण्याआधी गेटच्या कोपऱ्यात पचकन थुंकला, दादा रोज झाडायचा तिथंच.

दादानं टाचा जुळवल्या. "गेटवर सगळं ठीक, साहेब."

चेअरमन हसला. मी म्हटलं, "हसू नका. जवाब द्या."

"बरं... ठीक आहे. तुमची ड्यूटी संपली. जा."

दादानं गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात दिली आणि माझ्यामागून रिक्षात बसला. छावणी येईपर्यंत रिकाम्या गळ्यावरून हात फिरवत होता. दवाखान्याच्या दारात म्हणाला, "त्या पोराला आत सोडायला पायजे होतं गं."

"हुकूम त्यांचा होता, दादा."

"व्हय," म्हणाला, पण त्याला ते पटलेलं नव्हतं. डॉक्टरसमोर बसल्यावर त्यानं सगळ्यात आधी तेच सांगितलं.

औषध चालू आहे. थोडी झोप लागते. म्हातारीचं नाव अजून झोपेत घेतो. यंदा त्याच कमिटीचा फोन आला, झेंडावंदनाला माजी सैनिक म्हणून दादा पाहिजे. वहिनी हो म्हणायच्या बेतात होती. मी तिच्या हातातून फोन घेतला.