फार्करचा थांबा

इनवर्गलचं टपाल मी एकतीस वर्षं वाटलं, पण त्या जूनमधला एक गठ्ठा खाडीत बुडवला असता तर बरं झालं असतं. नोकरी गेली असती तर गेली असती. 'खा, राहा, भटका' नावाचं ते पत्रक होतं. आमच्या गावात खायच्या जागा दोन, राहायच्या तीन आणि भटकायला अख्खा डोंगर. एवढं सांगायला त्या लोकांना आठ गुळगुळीत पानं लागली.

'राहा'मध्ये एफी मॅथेसन होती. "दोन खोल्या, खाडीकडे तोंड, भरपेट न्याहारी, मालकीणबाई गप्पिष्ट." गप्पिष्ट म्हणे! एफी माझ्या शेजारच्या घरात जन्मली, माझ्याच वर्गात शिकली, आणि अजून तिच्या तोंडून चार शब्द काढायचे तर मला तिचा सगळा चहा संपवावा लागतो. नवरा फार्कर मेंढपाळ होता. एकोणीस वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्याने गेला आणि तिने दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. सकाळी मीठ घातलेली ओट्सची पेज, भाजलेला हेरिंग मासा, ओट्सची भाकरी. पेजेत साखर मागणाऱ्याला साखर मिळते, पण साखरेचं भांडं ज्या आवाजात टेबलावर येतं, तो ऐकून पुन्हा कोणी मागत नाही. मात्र तोंडाने ती काही म्हणायची नाही. तिच्या आईचा आणि आजीचा एकच नियम: आपल्या टेबलाशी बसलेल्याला वाकडा शब्द बोलायचा नाही, आणि त्याने विचारलेलं लपवायचं नाही.

त्या नियमानेच घात केला. मार्चमध्ये पत्रकवाला तरुण चिंब भिजून तिच्या दारात आला. तिने त्याला जवाचं सूप वाढलं. त्याने विचारलं, "त्या वाटेवर दगडांचे ढीग कसले हो?" आणि एफीने सांगितलं.

आमचं दफनाचं मैदान खाडीच्या पलीकडच्या टोकाला आहे. तीन मैल, आणि गाडीरस्ता नाही. शवपेटी खांद्यावरून जाते. खांदेकरी पहिल्यांदा दमले की पेटी खाली ठेवतात, आणि पुन्हा उचलण्याआधी प्रत्येक जण तिथे एक दगड ठेवतो. तो त्या माणसाचा थांबा. फार्करचा थांबा गावापासून अर्ध्या मैलावर, ओढ्याच्या वळणावर होता. आम्ही आठ जण होतो, म्हणून आठ दगड. दुसऱ्या दिवशी एफीने स्वतःच्या उंबऱ्याजवळचा पांढरा दगड नेऊन नववा ठेवला. गेली सहा वर्षं तिच्या गुडघ्यांना तीन मैल झेपत नाहीत, म्हणून दर गुरुवारी ती थांब्यापर्यंतच जाते. तिच्यापुरती कबर तीच.

पत्रकात 'भटका'खाली छापून आलं: "जुन्या वाटेवरचे गमतीदार दगडी ढीग! तुम्हीही मनोरा रचा, इच्छा पूर्ण होते म्हणतात." कोण म्हणतं? आमच्यात कोणाच्या बापाने असं म्हटलेलं नाही. पत्रकवाल्याने ते पदरचं घातलं, आणि तेही तिचं सूप पिऊन!

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी एफी वळणावर गेली, तर थांबा भुईसपाट. ओढ्याच्या काठी, वाटेवरच्या इतर थांब्यांचेही दगड आणून रचलेले पंधरा-वीस मनोरे, एकावर एक डुगडुगते, आणि फोटो काढणारे रांगेत. ती तशीच हॉटेलात आली. मी तिथे टपाल देत होतो. हॉटेलवाला लॅकलन म्हणजे पर्यटन समितीचा अध्यक्ष. लहानपणी एफीच्या ओट्यावर खेळून मोठा झालेला.

"लॅकलन, ते पान काढून टाक," एफी म्हणाली.

"मावशी, छापून झालंय ते. आणि दगडच तर आहेत. आपण परत रचू की!"

"रच ना. त्यातला तुझ्या बापाने ठेवलेला कुठला, तेवढं सांग."

लॅकलनने बार पुसायला घेतला. "असं काय करतेस? सप्टेंबरपर्यंत तुझ्या खोल्या भरल्यात. कशामुळे? त्या पत्रकामुळेच ना?"

"हो," एफी म्हणाली. "आणि त्याला सांगणारी मीच. जखमेवर मीठ चोळून झालं असेल तर जाते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लॅकलनला म्हणालो, "तुझ्या बापाला खांद्यावर नेलं तेव्हा मीही होतो. त्याच्या थांब्यावर उद्या बाकडं टाक, सरबत विक." तो म्हणाला, "रूअरी, तू पत्रं वाट." त्याची पत्रं मी ओल्या बारवर टाकली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एफीकडे गेलो, तेव्हा तिच्या टेबलाशी दक्षिणेकडून आलेलं एक जोडपं बसलं होतं. मध्यमवयीन, नीटनेटकं, नम्र. बाईने रुमालातून एक दगड काढून बशीशेजारी ठेवला. पांढरा.

"काल मिळाला," ती हसत म्हणाली. "आमच्या नातीसाठी नेतेय. इच्छा खरंच पूर्ण होते का हो?"

एफीने दगडाकडे पाहिलं. "मला तसा अनुभव नाही," ती म्हणाली, आणि बाईच्या कपात चहा ओतला. मला वाटलं, आता किटली फेकते. नाही. मासा वाढला, भाकरी वाढली, "अजून घ्या" म्हणाली. त्यांचं सगळं आटपेपर्यंत ती उभी राहिली. मग त्यांच्या सामानाबरोबर फाटकापर्यंत गेली, त्यांना बाहेर पडू दिलं, फाटकाची कडी लावली, आणि सुरू झाली.

"आता तुम्ही माझ्या टेबलाशी नाही. तो दगड माझ्या नवऱ्याचा आहे. त्याची पेटी जिथे टेकवली तिथला. तुम्ही तुमच्या गावी थडगी उचकटून नातींना खेळायला देता काय? कोणी छापलं की झालं? विचारायला तोंड नव्हतं? काल रात्री याच घरात झोपलात ना?"

बाईने दगड फाटकावरून दिला, एफीने तो एप्रनच्या खिशात टाकला. हे सांगितलंच पाहिजे, ते जोडपं पळालं नाही. दोघं वळणावर गेली, दिवसभर राबली, सगळे मनोरे मोडले आणि मिळतील ते दगड एका जागी आणून मोठा थोरला ढीग केला. नव्वद तरी दगड असतील. संध्याकाळी एफीला आणि मला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, चूक सुधारली.

एफी ढिगाभोवती एक चक्कर मारून आली. आठ खांदेकऱ्यांपैकी आता आम्ही तिघेच उरलोय, आणि बाकीचे दोघे अंथरुणाला खिळलेले.

"रूअरी, तू ठेवलेला कुठला?" तिने विचारलं.

मला कुठे आठवायला! एकोणीस वर्षांपूर्वी पावसात उचललेला करडा दगड, आणि समोर नव्वद करडे दगड. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वाकलो, एक उचलला आणि म्हणालो, "हा." एफीशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.

तिने तो हातात घेतला, अंगठ्याने त्याची माती पुसली आणि मला परत दिला.

"मग इथे ठेवू नकोस. घरी ने. माझाही मी घरीच ठेवणार आहे."

तो दगड आता माझ्या खिडकीत आहे. कोणाच्या थांब्यावरून उचलून आणलाय, देवाला ठाऊक.