ओढ्यापलीकडचे आवरबेक

पंचाहत्तरी उलटल्यावर थेकला आवरबेक बाईंना नाद लागला तो आडनावाचा. पोस्टात जाऊन त्या शहराशहरांची टेलिफोनची जाड पुस्तकं उघडायच्या, आवरबेक सापडला की नंबर टिपायच्या आणि घरी येऊन सरळ फोन लावायच्या, "तुमचे आजोबा ओढ्यापलीकडचे का हो?" आडनावाचा अर्थच तो. म्युन्स्टरकडच्या जुन्या बोलीत आवरबेक म्हणजे ओढ्यापलीकडचा, आणि बाईंचं घर, गोठा, ओकची झाडं, सगळं ओढ्याच्या पलीकडेच होतं.

बहुतेक आवरबेक सायकलवर गाठता येतील इतके जवळ निघाले. काही खाणींच्या मुलखात पांगलेले. म्युनिकच्या एकीने तर "मला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून फोनच आपटला.

पण ही नुसती हौस नव्हती. बाईंनी लग्न केलं नव्हतं, एकुलता भाऊ युद्धातून परतला नव्हता. आपल्यामागे घर आवरबेकाकडेच राहावं, परक्याच्या हाती जाऊ नये, हा घोर त्यांना लागला होता. घरात परका म्हणायचा तर एकच, आर्मिंदो. पोर्तुगालहून कापडगिरणीत आला, गिरणी बंद पडल्यावर बाईंच्या गाई सांभाळू लागला आणि बायकोमुलांसह इथलाच झाला.

शेवटी ब्रेमेनचा दातांचा डॉक्टर लुडगर आवरबेक एका रविवारी आला. पहिल्याच घासाला "आत्या" म्हणाला आणि बाई विरघळल्या. काळा पाव, धुरी दिलेलं हॅम, सगळं पुढ्यात आलं. गाईंपासून मात्र तो चार हात लांबच राहिला.

जेवणानंतर बाई त्याला पूर्वज दाखवायला चर्चच्या आवारात घेऊन गेल्या. भिंतीला टेकवलेल्या थडग्याच्या शेवाळल्या दगडावर त्याने वाचलं, "नीहोफ, ऊर्फ आवरबेक. ऊर्फ? चोर-बीर होता की काय, आत्या?"

"चोर कसला! घरजावई आला होता. तेव्हा ज्या घरात राहायला जाल, त्या घराचं नाव लागायचं."

"म्हणजे हा आवरबेक नव्हताच?"

"त्याची बायको होती ना!"

"आणि तिचा बाप?"

बाई शेजारच्या दगडाकडे वळल्या. तो तिच्या बापाचा, आणि त्यावरही ऊर्फच होतं. जन्मभर या दगडांना त्या फुलं वाहत आल्या होत्या, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांना हसू आलं आणि रडूही.

"मग आपण नातलग नाहीच म्हणायचं," लुडगर म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका काही लपली नाही. कॉफीलाही न थांबता तो गेला.

संध्याकाळी आर्मिंदो दुधाची बादली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"आर्मिंदो, हे घर तू घेतलंस तर लोक तुला आवरबेक म्हणतील. चालेल?"

तो ओशाळला. "बाई, रागावू नका. गाव मला कधीपासूनच आवरबेक म्हणतं. दूध न्यायला येणारासुद्धा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुमच्या कानावर येऊ देत नव्हतो."

बाईंनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"दार लाव, आवरबेक," त्या म्हणाल्या. "गार वारं येतंय."