थांब ना, येतोय

आमच्या आत्याशी बोलायचं म्हणजे आधी घसा साफ करून घ्यायचा. तिची उभी हयात लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीयंत्रापुढे गेली, आणि त्या घरघरीत तिचे कान पार कामातून गेले. कानाचं मशीन घे म्हणून मी हात धुऊन तिच्या मागे लागले होते. "मला काय ऐकायचंय? तुझी कटकट?" असं म्हणून ती मला उडवून लावायची.

शेवटी मी तिला दुकानात ओढून नेलं आणि मशीनवाल्याने तिला बरोबर पकडलं. तिच्या कानाशी ओरडून तो म्हणाला, "आजी, तरुणपणी पाठ असलेलं एक आवडतं गाणं निवडून आणा. ते नीट ऐकू येईपर्यंत मी मशीन जुळवत बसतो." आत्या चपला शोधता शोधता म्हणाली, "उद्या आलं तर चालेल?"

त्या गाण्याला आमच्या घरात नाव होतं, 'थांब ना, येतोय'. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. लॉन्ड्रीसमोर कॉफीचं दुकान होतं आणि तिथे नाणं टाकलं की गाणं वाजवणारा ज्यूकबॉक्स. रॉक अँड रोल तेव्हा नुकतंच आलं होतं. ज्यूकबॉक्स दुरुस्त करायला, नव्या रेकॉर्डी घालायला एक मेकॅनिक यायचा. आत्या काम आटपून बाहेर पडली की तो नाणं टाकायचा, दर वेळी एकच गाणं. पियानो बडवबडव बडवलेला, आणि गाणारा प्रत्येक ओळीच्या शेवटी ओरडायचा, "थांब ना, येतोय!" आत्याला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळलं. ती थांबायची. तो फडक्याला हात पुसत बाहेर यायचा आणि कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालायचा.

मग त्याच्या मालकाने त्याला दुसऱ्या शहरात पाठवलं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने तेच गाणं लावलं आणि बाकी चकार शब्द काढला नाही. "अजून काय बोलायचं राहिलं होतं?" आत्या आम्हाला विचारायची. तिला स्थळं आली, चांगली चांगली आली. तिने सगळ्यांना नाकं मुरडली. माझे वडील बहिणीला चिडवायचे, "येतोय म्हणालाय ना? वाटेत असेल." ती हसून सोडून द्यायची. मला मात्र त्या न पाहिलेल्या माणसाचा अजून राग येतो.

मशीनवाल्याकडून परत आलो त्या संध्याकाळी मी फोनवर त्या काळातली गाजलेली गाणी एकेक करून लावली. आत्याने फोनवर तळहात ठेवला आणि नुसत्या ठोक्यांवर निकाल द्यायला सुरुवात केली. "हा रडतोय. पुढचं." "हे दमलेल्या लोकांचं आहे." एक संथ, गोड गाणं मला फार आवडलं, तेच घे म्हणून मी आग्रह केला. "तुझ्या कानासाठी घे," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने एका गाण्याला तिचा हात फोनवर तसाच राहिला. गाणं संपल्यावर तिने फक्त मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने ते गाणं लावलं. सुरुवातीला तिला सगळा गोंगाटच वाटला. तो बटणं फिरवत राहिला आणि हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. पियानो आला. आवाज आला. ती खुर्चीत पुढे सरकून बसली, कुणी दार उघडेल अशी. मग तिच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हा काय म्हणतोय गं?"

थाप मारायची फार इच्छा झाली. पण तिला आता सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. "टॉमला हाक मारतोय, आत्या. टॉम म्हणजे त्याचा दोस्त. नव्या गाडीतून चक्कर मारून आण म्हणतोय."

"'थांब' म्हणत नाही?"

"नाही."

ती हसली. "म्हणजे मी त्या टॉमच्या गाडीपायी बिनलग्नाची राहिले." मशीनवालाही हसला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मला रडू यायला लागलं होतं. दुसरं गाणं निवडू या का, मी विचारलं.

"कशाला? माझं हेच," ती म्हणाली. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं आणि डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग एकदम माझा हात धरला. "अगं, त्याला तरी कुठे इंग्रजी येत होतं? त्यालाही 'थांब'च ऐकू आलं असणार. म्हणून तर तेच लावायचा." किती वर्षांनी तिचा चेहरा असा खुलला होता. क्षणभरच.

"मग आला का नाही गं?" तिने विचारलं.

एरवी मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली असती. आता तिला पुटपुटलेलंही ऐकू येत होतं, आणि ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.