आरएक्स कोणाचा?

मी लिहितोय याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला, आणि लिहिणं म्हणजे माझ्या दृष्टीने आजवर प्रश्नाखाली उत्तर लिहिणं. पुस्तकातली मराठी मी शाळेत शिकलो. घरी कळसाडीला आम्ही अहिराणीच बोलतो. तेव्हा कुठे शब्द घसरला तर सांभाळून घ्यावं.

गोष्ट एका बोर्डाची आहे. नाशिकच्या एका कंपनीने उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी आमच्या कॉलेजकडे तळहाताएवढा हिरवा बोर्ड पाठवला होता. त्यावर तापमान मोजणारी एक चिप होती आणि दर सेकंदाला आकडा बाहेर पाठवणारा प्रोग्राम आधीच भरलेला होता. तो आकडा कॉम्प्युटरवर दिसतोय आणि बदलतोय, एवढा व्हिडिओ त्यांना संध्याकाळपर्यंत हवा होता. तो गेला तरच आमची नावं पुढे जाणार होती. आमची म्हणजे माझं आणि प्रॅक्टिकलमधल्या माझ्या जोडीदाराचं. तो तळोद्याचा. त्याच्या घरी आजोबांपासून शिवणकाम चालतं. घरी तो हिंदी बोलतो, सरांशी मराठी आणि माझ्याशी अहिराणी; चिडवताना तिन्ही.

सकाळपासून स्क्रीनवरची काळी खिडकी काळीच होती. बोर्डावरचा दिवा मात्र मजेत लुकलुकत होता. केबल बदलली, पोर्टचा नंबर तपासला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बोर्ड आणि कॉम्प्युटरच्या मध्ये पेनड्राइव्हसारखा दिसणारा एक कन्व्हर्टर होता. बिघाड त्याच्यात असेल म्हणून आम्ही त्याच्याच दोन पिना वायरने एकमेकींना जोडल्या. तसं केलं की आपण टाइप केलेलं आपल्यालाच परत दिसतं. जोडीदाराने इंग्रजी अक्षरांत ‘चहा’ टाइप केलं. स्क्रीनवर चहा आला.

“कॅन्टीनपेक्षा लवकर उना,” तो म्हणाला.

म्हणजे कॉम्प्युटर ठीक, कन्व्हर्टर ठीक. मग बोर्डच मेला की काय? सरांनी पहिल्याच तासाला शिकवलं होतं की टीएक्स म्हणजे बोलणारी पिन, आरएक्स म्हणजे ऐकणारी, आणि एकाची बोलणारी नेहमी दुसऱ्याच्या ऐकणारीला जोडायची. आम्ही अगदी तसंच केलं होतं. मी पुन्हा पुन्हा तेच बघत होतो, कारण त्यात चूक निघणं शक्यच नव्हतं.

जोडीदार कन्व्हर्टर डोळ्यांजवळ धरून बसला होता. त्याने त्यावर छापलेल्या अक्षरांवर नख ठेवलं आणि विचारलं, “हाई आरएक्स मन्हा का तुन्हा?”

हा आरएक्स माझा का तुझा, ही मला आधी मस्करीच वाटली. मग कळलं. ती अक्षरं कन्व्हर्टरच्या स्वतःच्या पिनेचं नाव सांगतात, की तिथे समोरच्याची कुठली पिन लावायची ते? दुसरं खरं असेल तर आम्ही आधीच उलटलेलं पुन्हा उलटलं होतं. तो वायर उपटायला निघाला. मी त्याचा हात धरला. सरांना न विचारता त्यांचा नियम मोडायचं माझं धाडस नव्हतं, आणि बोर्ड जळला असता तर व्हिडिओ कशाचा काढणार?

सर वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते. दारात उभं राहून मी मनात वाक्य जुळवलं, शुद्ध आणि आदरार्थी. सरांनी वर बघितलं आणि जुळवलेलं सगळं उडालं.

“सर, तो आरएक्स मन्हा शे का तुन्हा?”

खोलीतले सगळे हसले. सरांना मी ‘तुन्हा’ म्हटलं होतं. शाळेत वर्ग हसायचा म्हणून ‘मन्हा’ सोडायला मला किती वर्षं लागली होती, आणि तो नेमका तिथे निघाला. सर मात्र हसले नाहीत. वर्गात त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अहिराणीत ते म्हणाले, “मन्हा बी नही, तुन्हा बी नही. बोर्डना व्हई. पहिले करंट बंद कर, मंग बदली देख.” म्हणजे छापलेलं नाव बोर्डाच्या पिनेचं असणार. एवढ्याने बोर्ड जळत नाही, हेही त्यांनी सांगितलं.

मी जिने धावत उतरलो. वायरींची अदलाबदल केली, करंट चालू केला आणि काळ्या खिडकीत चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, कसलीकसली चिन्हं धो धो येऊ लागली. एकही अक्षर वाचता येत नव्हतं. आम्हा दोघांना इतका आनंद झाला की काही वेळ आम्ही तो कचराच बघत बसलो. बोर्ड जिवंत होता. आता फक्त त्याचा बोलण्याचा आणि कॉम्प्युटरचा ऐकण्याचा वेग जुळत नव्हता. कॉम्प्युटरचा वेग बोर्डासोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या आकड्याइतका केला आणि एकाखाली एक चौतीस, चौतीस, चौतीस. जोडीदाराने चिपवर तोंडाने वाफ सोडली, पस्तीस झाले. मी व्हिडिओ काढला. त्यात तो फुगवलेल्या गालांसकट दिसतो, पण पुन्हा काढायला वेळ नव्हता.

सुट्टीत मी घरी आलो. निवड झाली तर फोन येईल अशी माझी समजूत होती. त्यामुळे उसाला पाणी धरतानाही मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचो. वडील रोज जेवताना विचारायचे, उना का फोन? मी म्हणायचो, नही. शेवटी फोन आला तो जोडीदाराचा.

“मेल देखा का रे?”

मी विचारलं, कसला मेल? तो पलीकडे इतका हसला की त्याला बोलता येईना. बांधावर बसून मी मेल उघडला. तो दोन दिवसांपासून येऊन पडला होता. पहिल्या ओळीत अभिनंदन होतं, खाली आम्हा दोघांची नावं होती, आणि पुढच्या सोमवारी नाशिकला हजर व्हायचं होतं.