दोन मानपाडे आणि अकरा शेपट्या

"नुसतं मानपाडा लिहिलंत तुम्ही, पप्पा! नुसतं!"

"नुसतं? बत्तीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला काढली मी. मी नुसतं मानपाडा लिहीन?"

"मग ह्या अकरा ट्यूबा..."

"आधी नीट बघ त्या. मग ओरड."

कल्याणच्या त्या दोन खोल्यांत शनिवारी सकाळीच हे पेटलं. भांडणाचं कारण टेबलावर होतं: स्पिरिटच्या अकरा बारक्या ट्यूबा आणि प्रत्येकीत पालीची एक शेपटी. शांताबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी टोपली उचलून मांडीवर घेतली. "भाजीपासून लांब," एवढंच म्हणाल्या.

त्यांची प्रियांका नौपाड्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत पालींची कुळं शोधते. कुठली पाल कुणाची नातलग, कोण कुठून आली, मध्ये खाडी आल्यामुळे दोन काठांवरच्या पाली किती वेगळ्या झाल्या. बिल्डिंगमध्ये शांताबाई सांगतात, "आमची रक्त तपासते." कारण पाल म्हटलं की बायका पाय वर घेतात. प्रियांकाला त्याचं काही नाही. कॉलेजात असताना तिने एकदा पाल हातात धरली, तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसली. तेव्हापासून ही मुलगी जी खुश आहे, ती आजपर्यंत.

वडिलांना कामाला तिनेच लावलं. रिटायर होऊन घरात येरझाऱ्या घालणाऱ्या देवरामना ती म्हणाली होती, "शेपटीत त्या पालीच्या पणजीचा पत्ता असतो, पप्पा. जमवायचा तुम्ही, वाचायचा मी." पत्ता म्हटल्याबरोबर माणूस पिशवी घेऊन निघालाच. पाल घाबरली की शेपटी टाकून पळते, पुढे नवी उगवते. हळूहळू ओळखीत सगळ्यांना माहीत झालं, शेपटी पडली की देवरामला फोन करायचा.

त्यातून केवढी मोठी गोष्ट निघालेली! ठाण्याच्या मानपाड्यातल्या अकराच्या अकरा पाली डोंबिवलीच्या कुळातल्या. म्हणजे अख्खा कबिला खाडी ओलांडून आलेला. सोमवारी परिषदेत पन्नास संशोधकांपुढे ती हेच सांगणार होती. महिनाभर पाय जमिनीला लागत नव्हते. आणि आज देवरामनी लॅपटॉपवरच्या नकाशात डोकावून विचारलं, "हे लाल ठिपके ठाण्याच्या घोडबंदर रोडला कशाला? मानपाडा डोंबिवलीलाही आहे ना?"

झालं. तिथूनच ठिणगी पडली.

प्रियांकाने एक ट्यूब खिडकीच्या उजेडात धरली. चिठ्ठीवर मानपाडा, आणि खाली गोलात ४२१.

"हा तुमचा अनुक्रमांक ना?"

"ट्यूबा अकरा, आणि अनुक्रमांक चारशे एकवीस? पिनकोड आहे तो! पहिले तीन आकडे. चारशे म्हणजे मुंबई-ठाणे, चारशे एकवीस म्हणजे आपल्याकडचं. सॉर्टर आधी तेवढंच बघतो."

"पण तुम्ही तर ठाण्याला आत्याकडे गेलेलात!"

"आत्याकडची एकच. बाकी दहा माझ्या ओळखीतल्या विनीतच्या कारखान्यातल्या, डोंबिवलीच्या."

प्रियांका मटकन खुर्चीत बसली. यादी कॉम्प्युटरवर उतरवताना ते गोल तिनेच गाळले होते. डोंबिवलीच्या पाली डोंबिवलीच्याच कुळातल्या. ह्यात सांगण्यासारखं काय?

"सोमवारचं सगळं गेलं माझं."

"गेलं कसं? मध्ये खाडी, पाली आपापल्या काठाला. बरोबरच आलं की!"

"बरोबर आलं, पण..."

"बरोबर आलं तर तोंड कशाला पाडतेस?"

तिला हसू फुटलं, ते तिने मोठ्या मुश्किलीने दाबलं. मग एकेक ट्यूब फिरवून गोल वाचायला लागली. ४२१. ४२१. अशा दहा झाल्या. अकरावीवर ४००. तिचा हात थबकला. अकराही डोंबिवलीच्या कुळातल्या, म्हणजे हीसुद्धा. आणि ही तर खरोखर ठाण्याची!

तिने लगेच फोन लावून स्पीकरवर टाकला.

"जयभीम आत्या. ती शेपटीवाली पाल घरात कुठे असते?"

"कपाटामागे," रमाबाई म्हणाल्या. "मेली डोंबिवलीहून आलीय आमच्याबरोबर. गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा टेम्पोतनं कपाट उतरवलं, तर मागून ही बाहेर! तुझे काका म्हणाले, बघ, माहेरच्या बाजूचं माणूस आलं तुझं."

"एकटीच आहे ना?"

"एकटी कसली! आता भिंतभर बारकी पिल्लं फिरतात."

प्रियांका उठली. म्हणजे पालीने खाडी ओलांडली होतीच, पण टेम्पोतून! डबी, कापूस, रिकाम्या ट्यूबा भराभर पिशवीत गेल्या.

"कुठे निघालीस? अगं, जेवून तरी जा," शांताबाई म्हणाल्या.

"एका कपाटाची गोष्ट सांगणार तू पन्नास जणांना?" देवराम दारापर्यंत मागे आले. आवाजात टोमणा होता, पण डोळे हसत होते. "सांग, सांग. आणि ते गोल कुणी गाळले, तेही सांगणार का?"

चपला पायात सरकवून ती जिना उतरायला लागली होती.